एक वजा

धाकटा : शेपटी धरायची नाही!

ताई : शेपटी दिसते आहे.

धाकटा : दिसू दे की. शेपटी, पंख, शिंगं आणि हातातला भाला अंगात धरत नाहीत. नियम आहे तसा. अप्पा, सांगा हिला.

अप्पा : थांबा. पंच तोफेमागून बघितल्याशिवाय बोलत नाही. सरक जरा, मला टेबलाशी वाकू दे.

ताई : अप्पा, गुडघे.

अप्पा : गुडघे माझे आहेत. हं. तोफेच्या तोंडाशी डोळा लावला. टेकडी दिसते. टेकडीवरचं झाड दिसतं. झाडाच्या बाजूने लेकाच्या पालीची शेपटी दिसते. पाल स्वतः टेकडीमागे आहे.

धाकटा : पाल नाही हो, ड्रॅगन! दोन महिने रंगवलाय. एकेक खवला.

अप्पा : ज्या लढाईत बंदुका असतात त्या लढाईत ड्रॅगन नसतो.

धाकटा : ज्या लढाईत ड्रॅगन असतो त्या लढाईत बंदुका नसतात असंही म्हणता येईल.

अप्पा : म्हणता येईल, पण मूर्खपणाचं होईल. निकाल ऐका. शेपटीवर तोफ डागता येत नाही. ताईची चाल संपली.

ताई : माझी तोफ पाच फेऱ्यांत एकदाही उडालेली नाही.

धाकटा : शोभेची आहे तुझी तोफ. तिच्यात फुलं लाव.

ताई : अप्पा, निकाल दिलात ना? आता उठा.

अप्पा : उठलो असतो तर खाली कशाला राहिलो असतो? हात द्या कुणीतरी.

धाकटा : मी देतो. पण हात दिला म्हणजे तुम्हाला घेतलं असा अर्थ काढायचा नाही.

अप्पा : नाही काढत. ते पुलावर ठरेल. सहावी फेरी संपेल तेव्हा ज्याचा माणूस पुलावर उभा असेल, तो जिंकला. जो हरेल त्याच्या घरी मी. कुणीच पुलावर नसेल तर बरोबरी, आणि बरोबरीत जैसे थे, म्हणजे मी इथेच.

धाकटा : पाठ झालं हो. प्रत्येक फेरीला काय सांगता?

अप्पा : नंतर रडारड नको. गेल्या वेळी तू रडला होतास.

धाकटा : तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो!

अप्पा : ती सबब तेव्हा चालली. आता शेवटची फेरी. आधी धाकटा.

ताई : अप्पा, मला हे सगळं पहिल्यापासून पटलेलं नाही. माणसाने राहायचं कुठे हे कुणी फासे टाकून ठरवतं का?

अप्पा : मग कसं ठरवणार होतात? महिनाभर फोनवर 'तू ने', 'नाही तू ने' चाललंय तुमचं. मी म्हटलं, निदान समोरासमोर लढा.

ताई : 'तू ने' असं कुणी म्हटलेलं नाही. आम्ही अडचणी मांडत होतो.

अप्पा : मांडा पुन्हा. पंचाला ऐकू द्या.

धाकटा : माझी अडचण म्हणजे जुळी. दीड वर्षाची झाली, दिसेल ते तोंडात घालतात. परवा रिमोटची बटणं खाल्ली. आता आवाज वाढवायचा तर पोराचं पोट दाबावं लागतं. तुमचे शिपाई घरात आले की आठवड्यात एक पलटण फस्त.

ताई : आणि शिपाई शिशाचे आहेत. यात हसण्यासारखं काही नाही. शिसं पोटात गेलेल्या मुलांचे रक्ताचे रिपोर्ट माझ्याकडे येतात.

अप्पा : बरोबर आहे. नातवंडांनी शिपाई खाऊ नयेत. तुझी अडचण सांग.

ताई : सासूबाई आहेत.

अप्पा : तो आजार धरू का?

ताई : अप्पा!

अप्पा : बरं, परिस्थिती धरतो.

ताई : त्यांना खोली लागते. तुमच्यासाठी आम्ही गॅलरीला खिडक्या लावून घेऊ शकतो. पलंग बसतो, कपाट बसतं. हे टेबल बसत नाही. आठ फूट बाय पाच फूट. मी सगळीकडे मापं घेतली, उभं करूनही बघितलं. लिफ्टमध्येसुद्धा जात नाही.

अप्पा : म्हणजे लिफ्टमधून मी येणार आणि हे इथे राहणार.

ताई : इथे नाही राहणार. घर बंद करायचं म्हणजे… टेबलाला गिऱ्हाईक बघावं लागेल.

धाकटा : गिऱ्हाइकाचं माझ्याकडे सोडा. मी अपघात झालेल्या गाड्या 'एकहाती वापरलेली' म्हणून विकतो, टेबल काय चीज आहे.

अप्पा : धाकट्या, तुझी चाल. पंचाला वेळ नाही.

धाकटा : चाललो. ही माझी पिशाच्चं. कुंपणापासून विहिरीपर्यंत.

ताई : कोपऱ्यातल्या विहिरीत तुझ्या पिशाच्चांचं काय काम आहे?

धाकटा : तहान लागली असेल. मोजा अप्पा.

अप्पा : टेप सोड. टेप फक्त पंचाच्या हातात.

धाकटा : हा नियम हिच्यामुळे झाला. लहानपणी टेप ताणून धरायची.

ताई : तू वाकडी धरायचास. जमिनीतून बोगदा काढल्यासारखी.

अप्पा : म्हणून तर मी धरतो. सात… एक वजा, सहा. गेली तुझी पिशाच्चं विहिरीवर.

धाकटा : अप्पा, अख्खं जग शून्यापासून मोजतं. तुम्ही अजून एकापासूनच?

अप्पा : अख्ख्या जगाचे पूल वाकडे आहेत. टेपच्या टोकाला हा पत्र्याचा हूक बघ, हलतो. टोक खोटं बोलतं. म्हणून एकाची रेघ जागेवर ठेवायची आणि आलेल्या आकड्यातून एक वजा करायचा. नोकरीत एवढे पूल मोजले, एकही हललेला नाही.

ताई : यात अप्पा बरोबर आहेत. आम्हीही प्रयोगशाळेत पट्टीचं टोक वापरत नाही.

धाकटा : झालं, दोघं एक झाले. अप्पा तुझ्याचकडे शोभतील ताई. बघ बाबा ड्रॅगन्या, आता तुझ्यावर आहे. उड, थेट पुलावर!

अप्पा : आधी बोललास, आता मोजणार. ड्रॅगन किती उडतो?

धाकटा : बारा इंच.

अप्पा : पोचला नाही तर जागच्या जागी बसेल. मान्य?

धाकटा : मान्य. पोचतोच. सकाळपासून डोळ्यांनी मोजतोय.

अप्पा : तेरा.

धाकटा : तेरा?

अप्पा : तेरा. बसव त्याला खाली.

धाकटा : पण मला… बारालाच टेकल्यासारखं…

अप्पा : वाटण्यावर ड्रॅगन उडत नाही. टेकडीमागे ठेव. आणि तोंड एवढं का पाडलंस?

धाकटा : काही नाही. माझी फेरी संपली. घे ताई.

अप्पा : ताई, तुझं घोडदळ अजून ताजं आहे. बंदूकवाले आहेत. तो एक झेंडेवाला गवताच्या गंजीमागे का लपलाय ते तुलाच माहीत.

ताई : लपलेला नाही, राखीव आहे. घोडदळ. रस्त्याने सरळ पुलावर. घोडे दहा इंच जातात.

अप्पा : मोजतो. दिवा जरा इकडे कर. हं… अकरा.

ताई : अकरा?

अप्पा : अकरा. थोडक्यात हुकलं. घोडे जागेवर.

ताई : …अप्पा.

अप्पा : काय?

ताई : चहा टाकता का थोडा?

अप्पा : शेवटच्या फेरीत? मध्येच?

ताई : मला विचार करायला वेळ हवाय. बंदूकवाल्यांचा.

अप्पा : टाकतो. गॅस लावू ना? की त्यालाही पंच नेमायचाय?

धाकटा : लावा हो अप्पा.

(अप्पा टेप खिशात टाकून स्वयंपाकघरात जातात. बहीणभाऊ आवाज खाली आणतात.)

धाकटा : तुला पण दिसलं.

ताई : एकाची रेघ घोड्यावर होती. पुलावर अकरा. एक वजा केला नाही त्यांनी. माझे घोडे पोचले होते.

धाकटा : माझा ड्रॅगनही पोचला होता.

ताई : तुला तेव्हाच कळलं होतं? मग बोलला का नाहीस?

धाकटा : काय बोलू? 'अप्पा, तुम्ही विसरलात' असं त्यांच्या तोंडावर? हे सांगायला जीभ रेटली नाही माझी. आणि जिथे माझी रेटत नाही तिथे कुणाचीच रेटणार नाही.

ताई : लहानपणापासून ऐकतोय आपण. 'एक वजा.' माझ्या लग्नात मांडवाचा खांब मोजतानासुद्धा म्हणाले होते.

धाकटा : गॅस तरी आधी कधी विसरले होते? शिपाई ओतायला गॅसवर शिसं ठेवलं आणि गेले बाहेरच्या खोलीत, इकडे पडदा पेटला. त्या शेजारच्या शिंपीणबाई धावत आल्या नसत्या तर पडद्यावर भागलं नसतं.

ताई : त्यांनी बादली पडद्यावर ओतली म्हणून बरं. वितळलेल्या शिशावर पाणी पडलं असतं तर ते उसळून तोंडावर आलं असतं त्यांच्या. ते रोज माझ्या डोळ्यांपुढे येतं.

धाकटा : ताई, थट्टा पुरे झाली. मी नेतो त्यांना.

ताई : तू?

धाकटा : शिपाई माळ्यावर ठेवीन. कुलूप लावीन. पोरांना काय, रिमोट आहेच.

ताई : नाही. माझ्याकडे येऊ देत. तपासण्या कराव्या लागतील, डॉक्टर माझ्या ओळखीचे आहेत.

धाकटा : तू तपास, मी सांभाळतो.

ताई : म्हणजे मी सांभाळणार नाही असं म्हणायचंय तुला?

धाकटा : हळू बोल ना. महिनाभर 'तू ने' म्हणून भांडलो, आता 'मी नेते' म्हणून भांडायचं का? आपल्या घरात एकमत म्हणून काही होऊच शकत नाही.

ताई : थांब. एक मिनिट गप्प बस.

धाकटा : रडतेस की काय?

ताई : विचार करते आहे. तुझी पिशाच्चं विहिरीपर्यंत गेली तेव्हा काय म्हणाले?

धाकटा : सात, एक वजा, सहा. तेव्हा आठवलं होतं त्यांना.

ताई : तिसऱ्या फेरीत तुझा मांत्रिक उगाच भिंतीला वळसा घालून आला तेव्हा?

धाकटा : तेव्हाही 'एक वजा' म्हणाले. मी त्यांची नक्कल केली होती, आठवतंय.

ताई : चौथ्या फेरीत माझे बंदूकवाले पुलावर निघाले होते. तेव्हा नुसता 'सात' म्हणाले. मला वाटलं वजा करूनच सांगितलं.

धाकटा : मग? म्हणजे मधूनमधून विसरतात. असंच सुरू होतं म्हणतात.

ताई : मधूनमधून नाही रे. विसरणारा माणूस कुठेही विसरतो. विहिरीपाशी विसरेल, भिंतीपाशी विसरेल. अप्पा फक्त पुलापाशी विसरतात. आणि दोघांच्याही वेळी. जो पोचत असेल त्याच्या वेळी.

धाकटा : म्हणजे काय?

ताई : विसराळूपणाला एवढी अक्कल नसते.

धाकटा : ताई… म्हणजे म्हातारा लबाडी करतोय?

ताई : तसं मी म्हटलेलं नाही. नमुना लहान आहे.

धाकटा : देवा, लबाडीच असू दे. मी आयुष्यात तुझ्याकडे काही मागितलं नाही.

ताई : गाडी मागितली होतीस.

धाकटा : ती तू दिली नाहीस. म्हणजे, देवाने. मग आता एवढं तरी.

ताई : आणखी दोन मापं हवीत. एक बिनमहत्त्वाचं आणि एक पुलाचं. पण पुलाचं खरं माप आपल्याला आधी माहीत पाहिजे, आणि टेप त्यांच्या खिशात आहे.

धाकटा : माझा फोन घे, सहा इंची आहे. विकणाऱ्याने तसंच सांगितलं होतं.

ताई : ते तिरकं माप असतं.

धाकटा : काय सांगतेस! म्हणजे मला पण फसवलं?

ताई : तुझी पिशाच्चं दे. पायाखालच्या चकत्या सगळ्यांच्या इंचाच्याच आहेत ना?

धाकटा : बरोबर एक इंच. अप्पांनीच कापल्यात.

ताई : सहा जण ओळीने लाव. माझ्या पहिल्या बंदूकवाल्यापासून, एकमेकांना चिकटून. हलव पटकन. झाडाला हात लावू नकोस.

धाकटा : चार… पाच… सहावा पुलावर चढला. अर्धा चढलाय, पण चढलाय.

ताई : बंदूकवाले सहा इंच जातात. म्हणजे पोचतात. उचल सगळे. विहिरीवर ठेव जसे होते तसे.

धाकटा : तोंड कुठे होतं यांचं?

ताई : पिशाच्चांचं तोंड कोण बघतंय! ठेव. आले ते.

अप्पा : कसली कुजबुज चाललीय?

धाकटा : ताई सांगत होती, तिची तोफ विकायचीय.

अप्पा : कप धरा. पटावर ठेवू नका, नदीत डाग पडतो. हं, ताई. झाला विचार?

ताई : झाला. आधी झेंडेवाला. गंजीमागून बाहेर, झाडाखाली.

अप्पा : आत्ता? झाडाखाली झेंडा कुणाला दाखवणार?

ताई : त्याला सावलीत जायचंय.

अप्पा : तुमचं दोघांचं सैन्य म्हणजे सहलीला निघालेली शाळा आहे. चार… एक वजा, तीन. गेला सावलीत. आणखी?

ताई : बंदूकवाले. पुलावर.

अप्पा : हं.

ताई : सहा इंच जातात.

अप्पा : माहीत आहे. तू अशी पटावर ओणवी होऊ नकोस, माझा उजेड अडतो.

ताई : नाही होत. बघतसुद्धा नाही. ही बघा, खिडकीकडे तोंड केलं.

अप्पा : …सात.

धाकटा : किती?

अप्पा : सात. नाही पोचत. फेरी संपली, पूल रिकामा. बरोबरी.

धाकटा : सात म्हणाले! ताई, सात म्हणाले!

ताई : ऐकलं मी.

धाकटा : अप्पा! अहो अप्पा! या इकडे!

अप्पा : अरे, सोड. सोड मला. चहा सांडला नदीत. वेड लागलं का याला?

धाकटा : चोर आहात तुम्ही! लुच्चे आहात! अट्टल! कसलं डोकं चालतंय हो तुमचं!

अप्पा : ताई, याला काय झालंय? आणि तू का डोळे पुसतेस?

ताई : अप्पा, मला सरळ सांगा. तुम्ही मुद्दाम एक वजा करत नव्हता ना?

अप्पा : पंचावर आरोप?

ताई : सहा पिशाच्चांची साक्ष आहे. ओळीने लावून बघितली.

अप्पा : …चकत्यांनी मोजलंत?

ताई : हो.

अप्पा : हे चांगलं सुचलं तुला.

ताई : अप्पा, उत्तर द्या.

अप्पा : देतो ना. हो, मुद्दाम. पूल मीच बांधला, तो कुणाला द्यायचा नाही हे मीच ठरवणार. आणि दोष तुमचा आहे. ज्या माणसाचं स्वतःचं घर पणाला लागलंय त्यालाच तुम्ही पंच नेमलंत. दोघंही शिकलेले. एकाच्याही डोक्यात आलं नाही?

धाकटा : मला वाटलं तुम्ही विसरताय.

अप्पा : मी विसरेन? एक वजा?

ताई : थांबा. हर्षवायू नंतर. लबाडी एक झाली. पण पडदा जळला तो लबाडीने नाही. गॅसवर शिसं ठेवून तुम्ही अर्धा तास बाहेरच्या खोलीत होता. ते काय होतं? ते तरी विसरणंच होतं ना?

अप्पा : ते जाऊ दे.

ताई : नाही जाऊ देणार. त्याच्यावरूनच तर हे सगळं सुरू झालं.

अप्पा : फोन आला होता.

धाकटा : कुणाचा?

अप्पा : होता कुणाचातरी.

ताई : कुणाचा अप्पा?

अप्पा : तुझा.

ताई : माझा?

अप्पा : माझ्या रक्तदाबावर बोलत होतीस. मीठ. मग लोणची. मग चालायला जात नाही ते. मी दोनदा 'बरं, ठेवतो' म्हणालो. तू म्हणालीस, 'ठेवायची घाई असते तुम्हाला नेहमी.' मग कसा ठेवणार?

धाकटा : अगं बाई. हिचा फोन म्हणजे पडदा काय, इमारत गेली असती.

ताई : तू गप्प बस. अप्पा, हे मला तेव्हा का नाही सांगितलंत?

अप्पा : सांगितलं असतं तर पुढच्या रविवारी फोन आला असता का तुझा? आणि आला असता तर दर दोन मिनिटांनी 'गॅसवर काही नाही ना' विचारत बसली असतीस. तो काय फोन झाला?

धाकटा : अप्पा, एक विचारू? हे वजा करून सांगताय की न करता?

अप्पा : हे वजा करून.

ताई : मी त्या दुपारी फोन केला होता, हे खरं आहे.

अप्पा : बघ.

ताई : पण फोन आला तरी आधी गॅस बंद करायचा असतो. मी लोणच्यावर बोलत असले तरी.

अप्पा : ते चुकलं माझं. ते मी मान्य करतो. त्या शिंपीणबाईंना मी नवा पडदा शिवायला दिलाय, भाव दुप्पट लावलाय त्यांनी, तोही मान्य केला.

ताई : इथून पुढे ओतकाम एकट्याने करायचं नाही.

अप्पा : बरं.

ताई : स्वयंपाकघरात तर नाहीच. मागच्या गॅलरीत. खिडक्या उघड्या, तोंडाला फडकं. आमच्यापैकी एक जण इथे असताना.

अप्पा : कोण एक जण?

ताई : या रविवारी मी, पुढच्या रविवारी तो.

धाकटा : मी? मला शिसं वितळवायला भयंकर आवडतं. लहानपणी कधी हात लावू दिला नव्हता यांनी.

अप्पा : अजूनही देणार नाही. बघायचं फक्त.

ताई : आणि हे तात्पुरतं आहे अप्पा. मी तुमची समजूत घालत नाहीये. एखाद्या दिवशी तुम्ही खरंच विसरायला लागाल.

अप्पा : लागेन.

ताई : मग?

अप्पा : मग न्या. काचकूच करणार नाही. कुणाकडे ते तुम्ही ठरवा, मी पंच नसेन.

धाकटा : पण आम्हाला कळणार कसं? तुम्ही काय आपणहून सांगणार आहात थोडंच?

अप्पा : सोपं आहे. लबाडी करायला डोकं लागतं. खरं माप लक्षात ठेवायचं, खोटं बोलायचं, कोण जिंकतंय ते बघायचं आणि कुणी बघत तर नाही ना तेही बघायचं. सगळं एका वेळी. ज्या दिवशी हे मला झेपणार नाही त्या दिवशी मी आपोआप प्रामाणिक होईन.

धाकटा : म्हणजे अप्पा प्रामाणिक सापडले की आपण घाबरायचं.

अप्पा : अगदी.

ताई : आणि लबाडी इतकी बेमालूम केलीत की आम्हाला सापडलीच नाही, तर?

अप्पा : तर तुम्हा दोघांनाच कुठेतरी ठेवावं लागेल.

ताई : दर डावाला तपासावं लागेल मग.

अप्पा : तपासा की. मी कुठे नाही म्हणतोय? सकाळी लवकर या म्हणजे दोन डाव होतात.

धाकटा : मला आता निघायला हवं. जुळ्यांची आई एकटी आहे आणि घरात अजून एक रिमोट शिल्लक आहे. ताई, तुला वाटेत सोडतो. माझी चप्पल कुठे गेली? दाराआड… अरे! अप्पा, ही बॅग कुणाची?

अप्पा : ठेव ती खाली.

धाकटा : तुमचीच आहे. भरलेली आहे.

अप्पा : सकाळी भरली.

ताई : अप्पा, बॅग का भरली होतीत?

अप्पा : हरलो असतो तर? लबाडी दर वेळी साधतेच असं नाही. तू मध्येच उजेडात आलीस तेव्हा मला वाटलं, संपलं. मग तुम्हाला दारात ताटकळत ठेवून कपडे शोधत बसायचं का? बोललो होतो ना, जो हरेल त्याच्याकडे जाणार म्हणून. बोललो म्हणजे जाणार होतो.

धाकटा : ताई, उचलून बघ ही.

ताई : बापरे. अप्पा, ही तुम्ही इथपर्यंत आणलीत कशी? काय भरलंय एवढं?

अप्पा : काही नाही. राहू दे. उघडू नकोस.

ताई : मोजे आहेत. सगळे मोजेच दिसताहेत. धाकट्या, हा हातात धर. सावकाश. आत काहीतरी आहे.

धाकटा : पटावर न उतरलेलं घोडदळ आहे. एकेका मोज्यात एकेक घोडा. कागदात गुंडाळून.

ताई : आणि खाली बंदूकवाले. दुसऱ्या तोफेची चाकं काढून ठेवलीत वेगळी. अप्पा, हे सगळं ठीक आहे, पण तुमचे कपडे कुठे आहेत?

अप्पा : कपडे काय, ते तुमच्याकडे मिळाले असते.